पिवळ्या विहिरीची सुमनआत्या

सुमनआत्या मला पहिल्यांदा जे बोलली ते असं: "तोंड मिट बे. थुंकी उडून राह्यली बाटलीत."

मी ग्रामपंचायतीचा पाणीवाला. गावात मला असं कोणी बोललं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या गल्लीचा व्हॉल्व्ह जरा उशिरा उघडतो, खोटं कशाला बोलू. पण समोर सत्तरीला टेकलेली बाई. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही पंजांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या रबरानं आवळलेल्या. खालच्या विहिरीच्या काठावर उकिडवी बसून ती दोरीला बांधलेली बाटली इतकी सावकाश वर ओढत होती की मलाच घाई व्हायला लागली. मी एवढंच विचारलं होतं, की बाई, तुम्ही कोणाच्या घरच्या, आणि हे पाणी काऊन काढता, हे कोणी पीत नाही. त्यावर हे बक्षीस. मी तोंड मिटलं. तिनं बाटलीला बूच लावलं, बाटली उन्हात धरली. पाणी पिवळसर दिसत होतं. मग कुठं माझ्याकडं वळून म्हणाली, "आता बोल. तू गजानन ना? शेवंताचा? नाकावरून वयखलं."

ती आमच्याच गावची लेक निघाली. जानेफळच्या रस्त्यावर आमचं गाव, त्यातल्या इंगळ्यांची थोरली. लग्न होऊन अकोल्याला गेली ती तिकडचीच झाली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि तिथल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं जन्म काढला. शिकवायला नाही, बाटल्या धुवायला. म्हणजे नेमणूक त्या कामाची. पण तिथं एक प्राध्यापक जमिनीतल्या जिवाणूंवर काम करायचे आणि त्यांची सगळी तयारी हिच्या हातून व्हायची. जिवाणूंना काय खायला घालायचं, किती गरम ठेवायचं, कुठली बाटली नासली, हे त्या प्राध्यापकांच्या आधी हिला कळायचं. हे तिनं कधी सांगितलं नाही, मला तिच्या अकोल्याच्या पुतण्याकडून कळलं. तिला कोणी "मॅडम" म्हटलं की ती चिडायची. "मॅडम नाही न बावा. मी बाटल्या धुनारी हाओ. पन धुतलेली बाटली आन न धुतलेली बाटली, एवढा फरक मले कळते."

निवृत्त झाल्यावर काही वर्षं अकोल्यातच काढून ती भावाच्या मागच्या खोलीत राहायला आली, ती नेमकी आमच्या खालच्या विहिरीचं वाटोळं झालं त्या वर्षी.

खालच्या विहिरीवर अकरा घरं. सगळी मळेवाली. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, टमाटे पिकवायचे आणि बाजाराला न्यायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. विहिरीच्या वरच्या अंगाला कोण कुठल्या माणसानं पत्र्याचं शेड भाड्यानं घेऊन लोखंडाला चकचकीत मुलामा द्यायचा कारखाना काढला होता. सायकलीचे हँडल, नळाच्या तोट्या, असलं काही. दोन-तीन वर्षं चालला. मग एका दिवशी माणूस शेडला कुलूप लावून जो गेला तो गेलाच. मागं राहिले सिमेंटचे हौद, त्यातलं पिवळं पाणी आणि मागच्या बाजूला खणलेला एक खड्डा. त्या खड्ड्यातलं पाणी जमिनीत मुरत मुरत खाली आलं. आधी वांग्याची पानं करपली. मग बायांच्या हाताला खाज सुटली, फोड आले. मग एका सकाळी त्या अकरा घरांतल्या पार्वताबाईनं घागर ओतली आणि ओरडली, "अवं माय, पानी पिवयं काऊन हाये हे?"

साहेब आले, पाणी नेलं, कागद आला. क्रोमियम. पिऊ नका, शेताला देऊ नका, टँकर लावतो. टँकर लागला. पण टँकर प्यायला पुरतो, मेथीला नाही. अकरा घरांची शेतं उघडी पडली. त्या घरांतले तरुण पुण्याला जायच्या गोष्टी करू लागले.

आत्या त्या वेळी रोज सकाळी उठून शेडच्या मागं जायची आणि जिथं माती सगळ्यात जास्त पिवळी, जिथं गवताची काडी उगवत नव्हती, नेमकी तिथली माती खुरप्यानं उकरून बरणीत भरून आणायची. भावजय वैतागली. म्हातारीचं डोकं फिरलं, असं तिनं मला दोनदा येऊन सांगितलं. मी विचारायला गेलो.

"आत्या, हे विष घरात काऊन आनता?"

"विष नाही आनत. त्या विषात जे जिवंत राह्यलं ते आनतो." तिनं बरणी दाखवली. आत गुळाचं पाणी, शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी आणि तळाला माती. बुडबुडे येत होते. वास असा की मी दोन पावलं मागं सरलो. "गजू, इतक्या जहरात जो जिवानू टिकला त्याले या धातूची सवय झाली. तो खायाले मागते, आन खाता खाता त्या पिवळ्या क्रोमियमचं रूप बदलून टाकते. पिवळं हाये ते पान्यात विरघळते, वाहते, अंगात जाते. बदललेलं हाये ते हिरवट, जड. ते मातीले धरून बसते, वाहत नाही."

"म्हंजे जंतू ते विष खाऊन टाकतात?"

"खाऊन टाकत नाहीत! धातू मरत नाही. तो जमिनीतच राह्यते. त्याले फक्त खाली बसवाचं, आन बसवून ठेवाचं. आन जंतू नको म्हनू, जिवानू म्हन. जंतू म्हनलं की तुहा हात पावडरच्या डब्याकडं जाते."

हे ती थट्टेत बोलली. पण खरंच होतं. पंचवीस वर्षं मी गावाचं पाणी सांभाळलं म्हणजे काय केलं, तर जंतू मारले. टाकी धुतली, टीसीएलची जंतुनाशक पावडर टाकली, ओटी नावाच्या औषधाचा थेंब घालून क्लोरीन उतरलं का ते पाहिलं. एक वर्षी शेजारच्या गावात हगवणीनं माणसं गेली तेव्हा आमच्या गावात एक माणूस आजारी पडला नाही, याचा मला अजून अभिमान आहे. आणि ही बाई जमिनीत बादल्यांनी जंतू ओतायच्या गोष्टी करत होती.

पण ओतले तिनं. तिनं तिच्या जुन्या प्राध्यापकांना फोन केले, त्यांनी कुठल्या कुठल्या साहेबांना पत्रं लिहिली. एक परवानगीचा कागद आला आणि दोन शिकलेली मुलं चार दिवस येऊन जागा आखून गेली. शेड आणि विहीर यांच्या मधोमध आडवा खोल खंदक खणायचा, त्यात शेणखत, कुटार म्हणजे भुसा आणि तिच्या बरण्यांतलं ते घाण वासाचं पाणी भरायचं, आणि आठवड्यातून दोनदा गुळाचं पाणी पाजायचं. वरून झिरपणारं पाणी या खंदकातून गेलं पाहिजे, म्हणजे विहिरीत उतरेपर्यंत त्याचं जहर खाली बसेल. अकरा घरांनी खंदक खणला. गूळही त्याच घरांतून यायचा. पार्वताबाई पहिल्या दिवशी गुळाची अख्खी ढेप डोक्यावर घेऊन आली. नारळ फोडला आणि कुंकवाची डबी उघडली, तशी आत्या धावली.

"नारळ फोड, पन कुकू नको टाकू बाई! त्या रंगात काय काय राह्यते कोनाले ठाऊक. एक धातू काढून राह्यलो, दुसरा घालतं का?"

पार्वताबाईनं कुंकू परत डबीत घातलं. "आत्या, तुमच्या लेकरायले कुकू नाही तं गूळ तरी पोटभर देतो," असं ती म्हणाली, तर आत्या त्याच्यावरही चिडली. "लेकरं नाहीत ती. मजूर हायेत. काम सांगतलं तं खायाले द्या लागते. खायाले नाही देल्लं तं काम सोडून जातात. त्यात माया लावाचं काही काम नाही."

माया नाही म्हणायची आणि सकाळ-संध्याकाळ खंदकाजवळ जाऊन वाकून वास घ्यायची. वासावरून तिला कळायचं म्हणे. थोडा ढग आला की हिचा जीव वर-खाली. पाऊस जास्त झाला तर खंदक वाहून जाईल, कमी झाला तर सुकेल, गूळ जास्त झाला तर भलतेच जिवाणू माजतील, कमी झाला तर आपले उपाशी मरतील. मी आयुष्यात इतका घोर लावून घेणारी बाई पाहिली नाही. जेवायला बसली तरी अर्ध्या भाकरीवर उठायची, म्हणायची, "गजू, मी काल झाकन बरोबर लावलं होतं का रे?" मी म्हणायचो, "लावलं होतं, आत्या." तरी ती जाऊन पाहून यायची. कोणी कौतुक केलं की तिच्या चेहऱ्यावर भीतीच यायची. एवढी प्रयोगशाळेतली बाई, पण कोणी "पाणी लय बरं झालं" म्हटलं की पटकन "नजर नको लावू" म्हणायची.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती विहिरीच्या काठावर चाचणी करायची. नळीत पाणी, त्यात आम्लाचे थेंब, मग तपकिरी बाटलीतला एक थेंब. क्रोमियम असेल तर पाणी गुलाबी-जांभळं व्हायचं. ती नळीमागं पांढरा कागद धरायची आणि एक डोळा मिटून पाहायची. पहिल्या महिन्यात पाणी कसं, जांभळीच्या रसासारखं. मग गुलाबी. मग फिकट गुलाबी. सहा-सात महिन्यांनी एक दिवस रंगच आला नाही. बाया नाचायला उठल्या. सरपंच म्हणाले, "मंग लिहून टाका आत्या, पानी साफ."

"साफ मी म्हननार नाही."

"मंग काय म्हननार?"

"आज नाही दिसलं."

सरपंच हसले. ती हसली नाही. शेवटी ठरलं असं, की लागोपाठ तीन महिने रंग आला नाही तर विहीर उघडायची आणि टँकर बंद. मोठ्या प्रयोगशाळेत नमुने जातच होते, पण त्यांचे कागद यायला इतका वेळ लागायचा की गाव चालायचं आत्याच्या नळीवर. आणि आत्याला नेमकं हेच छळायचं. "माह्या एका 'नाही'वर अकरा घरचे लोकं पानी पितीन, गजू. मी चुकली तं?" हे ती मला इतक्या वेळा बोलली की मला त्याचा कंटाळा आला होता. तिचं काय चुकणार, असं वाटायचं.

चुकलो मी.

पावसाळ्याच्या तोंडावर गावातल्या सगळ्या विहिरींत पावडर टाकायचा आदेश येतो. दर वर्षी येतो. यादीत खालची विहीर होती, तिच्यापुढं "बंद" असं कोणी लिहिलेलं नव्हतं. आत्यानं मला शंभर वेळा सांगितलं होतं, खंदकात काही टाकू नको. विहिरीचं नाव तिनं घेतलं नव्हतं. आणि खरं सांगतो, मला मनातून पटतच नव्हतं. वरच्या अंगाला बादल्यांनी जंतू ओतायचे, ते झिरपून विहिरीत येणार, उद्या तीच विहीर लोकांना प्यायला उघडणार, आणि पाणीवाल्यानं पाहत बसायचं? मी वाईट काही करतो आहे असं मला वाटलं नाही. उलट वाटलं, आत्याचं काम आत्यानं केलं, आता माझं मी करतो. मी डबल टाकली. दोन डबे.

चौथ्या दिवशी पार्वताबाईची हाक आली. पाणी पिवळं. रंग न येण्याचा दुसरा महिना चालू होता आणि आत्याच्या नळीत ते पाणी पुन्हा जांभळं झालं.

आत्या काठावर बसून राहिली. मला तेव्हाच कळलं होतं असं मी म्हणणार नाही, पण शंका आली. संध्याकाळी मोबाईलवर शोधलं, पावडर आणि क्रोमियम असं. समजलं तेवढं पुरे होतं. खाली बसलेलं क्रोमियम पावडरीनं पुन्हा पिवळं करून उठवलं होतं.

मी आठ दिवस गप बसलो. त्या आठ दिवसांत आत्याचं काय झालं ते मी रोज पाहत होतो. तिनं बरण्या रिकाम्या केल्या, पुन्हा भरल्या. गूळ बदलला. खंदकाची एक बाजू उकरून पाहिली. जागा आखून गेलेल्या त्या मुलांना फोन केले, "माह्याकडूनच काही नासलं असन," म्हणाली. तिकडं सरपंचांनी ग्रामसभा बोलावली. एवढा खटाटोप करून पाणी पिवळं ते पिवळंच, तर विहीर मुरूम टाकून बुजवून टाका, असं वरच्या आळीचे लोक म्हणू लागले. बुजवली की अकरा घरांचा मळा कायमचा गेला. पार्वताबाईचा थोरला मुलगा सामान बांधून बसला होता.

ग्रामसभेच्या सकाळी मी तिच्याकडं गेलो. ती मागच्या अंगणात बाटल्या धूत होती.

"आत्या, पावडर मी टाकली व्हती. विहिरीत."

तिनं वर पाहिलं नाही. "कवा?"

"पानी पिवयं झालं त्याच्या चार दिवस आंधी."

"किती?"

"दोन डबे."

ती बोटांवर दिवस मोजत बसली. मग धपकन पायरीवर बसली आणि हसायलाच लागली. इतकी, की डोळ्यांतून पाणी. "म्हंजे जिवानू मेले नाहीत! माह्यं काही चुकलं नाही! अरे देवा, माह्यं काही चुकलं नाही!" मीही हसलो. तेवढ्यात तिनं हातातला बाटल्या धुवायचा ब्रश फेकून मारला. तो माझ्या कपाळाला लागला.

"आठ दिवस! आठ दिवस मी सोताले खाऊन राह्यली, आन तू येऊन चहा पिऊन गेला? पावडर टाकली ते मी समजू शकतो. तुह्या हाताले सवयच ती. पन गप कसा बसला बे? तुले ठाऊक असून?"

भ्यालो होतो, एवढंच.

ग्रामसभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "विहिरीत पावडर पडली, म्हनून पानी बिघडलं. विहिरीत टाकू नका हे सांगाचं माह्याकडून राह्यलं. सहा महिने द्या, नाही तं बुजवा." कोणी पावडर टाकली हे तिनं सांगितलं नाही. सभेत सगळ्यांना माहीत होतं पावडर कोण टाकतं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या वेळी उठून "चूक माझी" म्हणायला काय झालं होतं मला? पण मी चपलेचा अंगठा पाहत बसलो. ती खाली बसली तेव्हा तिनंही माझ्याकडं एकदा पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. ते मला ब्रशपेक्षा जास्त लागलं.

सहा महिने मिळाले. विहीर उपसून ते पाणी पुन्हा खंदकाच्या वर सोडायचं, म्हणजे खंदकातून गाळून परत खाली येईल, असं तिनं ठरवलं. मोटारीची पाळी मी लावून घेतली. पहाटेपासून मी तिथं. आता आत्या सगळी कामं मला सांगू लागली. गूळ किती भिजवायचा, बरणी कशी हलवायची, आम्लाचे थेंब कसे सोडायचे, थेंब पडताना श्वास कसा रोखायचा. मला वाटलं, शिक्षा देते आहे. मग वाटलं, शिकवते आहे. चाचणीच्या दिवशी नळी माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "तू पाह्य बरं. काय दिसते?"

"गुलाबी."

"किती गुलाबी? मांगल्या महिन्यापेक्षा?"

"कमी."

"नक्की?"

मला लक्षात यायला फार उशीर झाला. एकदा गुळाचं पाणी ओतताना तिनं खंदकात गूळ सोडायच्या भोकाच्या शेजारी ओतलं, सगळं वाया गेलं, आणि तिला दिसलंच नाही. मी तिच्याकडं पाहत राहिलो. मग तिच्या घरी गेलो तर ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेला नाक लावून तारीख शोधत होती.

"आत्या, डोये?"

"साखर," ती म्हणाली. "डाक्तर म्हनते पडदा खराब झाला. उजवा तं गेलाच. डाव्यानं मोठं मोठं दिसते. फिकट रंग नाही दिसत." मग खाटेवर बसून पदराशी चाळा करत म्हणाली, "पहिल्या बारीले मी 'आज नाही दिसलं' म्हनलं ना, पावडरच्या आंधी? गजू, तवा रंग खरंच नव्हता, का मलेच दिसला नाही? मी रोज हेच इचारून राह्यली सोताले. कोनी पिलं नाही, हे नशीब माह्यं."

एवढे दिवस मी तिची काळजी म्हणजे म्हातारीची कटकट समजत होतो. मला माझीच लाज वाटली.

तिचा पुतण्या तिला अकोल्याला न्यायला येणार हे ठरलं. उपचार तिकडं, राहणंही आता तिकडं. म्हणाली, तिसऱ्या महिन्याची चाचणी करून जाईन. कारण पावडरीनंतर लागोपाठ दोन महिने रंग आला नव्हता, आणि या दोन्ही वेळा तिनं तीन-तीन माणसांना दाखवून मगच वहीत लिहिलं होतं. हा तिसरा. हा गेला की विहीर उघडणार.

त्या सोमवारी सकाळी सगळी अकरा घरं विहिरीवर. सरपंच आले. पार्वताबाईनं नवी दोरी आणली होती, घागर घासून लख्ख केली होती. पुतण्याची गाडी वर रस्त्यावर उभी. टँकरवाल्यालाही कोणीतरी सांगितलं होतं की आज शेवटचा, तोही येऊन बिडी ओढत उभा. मी पाणी काढलं, नळी भरली, आम्ल घातलं. आत्यानं तपकिरी बाटलीचा थेंब स्वतःच्या हातानं सोडला. थेंब नीट पडला. मग पांढरा कागद मागं धरून तिनं नळी माझ्याकडं दिली.

"काय दिसते?"

मी पाहिलं. काहीच नाही. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. नळी तिरपी केली. तळाशी, अगदी तळाशी, रंगपंचमीनंतर चौथ्यांदा धुतलेल्या सदऱ्याचं शेवटचं पाणी असतं तेवढं.

"गजू, बोल न!" पार्वताबाई म्हणाली. माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. "पांढरंच हाये. मले तं काहीच नाही दिसत."

सरपंचांनी नळी हातात घेतली. "काही नाही," म्हणाले. "पांढरं." त्यांनी दुसऱ्याला दिली. त्यालाही नाही दिसलं. खोटं बोलत नव्हते ते. इतके महिने त्या रंगाकडं पाहिलं नसतं तर मलाही दिसलं नसतं. नळी परत माझ्याकडं आली. आत्या तोंड माझ्या दिशेला करून उभी होती. तिला ना नळी दिसत होती ना माझा चेहरा.

"गजू?"

मनात आलं, म्हणून टाक. एवढ्याशा रंगानं काय होतं. पुढच्या महिन्यात निघूनही जाईल. आत्या समाधानानं अकोल्याला जाईल, या बाया मेथी लावतील, माझ्यावरचा पावडरीचा ठपका पुसला जाईल.

"गुलाबी हाये आत्या," मी म्हणालो. "थोडं. पन हाये."

सगळे एकदम बोलले. पार्वताबाईनं घागर दणकन खाली ठेवली. "याले भूत दिसते! कवाबी याचंच नाट लागते, पावडर टाकली तवाबी हाच!" सरपंच म्हणाले, "गज्या, अबे तीन मानसायले पांढरं दिसते आन तुले एकट्यालेच गुलाबी?" कोणीतरी शिवीही दिली. मी नळी हातात धरून उभा.

आत्यानं हात पुढं केला. चाचपडत माझं मनगट धरलं आणि घट्ट दाबलं. मग लोकांकडं वळली. आवाज मोठा केला नाही.

"विहीर उघडाची नाही. तीन महिने परत मोजाचे, पहिल्यापासून. टँकर बंद कराचा नाही. गूळ उद्याच पाजाचा. गजू सांगन तसं."

"आन तुम्ही चालल्या आत्या!" पार्वताबाई रडकुंडीला आली होती. "आमी याच्या भरोशावर बसाचं का?"

"हाव," आत्या म्हणाली. "याच्याच."

तिनं वही माझ्या हातात दिली. मी तारीख टाकली, पुढं लिहिलं, "रंग: फिकट गुलाबी", आणि खाली पहिल्यांदाच माझी सही केली. ती म्हणाली, "वाचून दाखव." मी वाचलं. तिनं मान हलवली. तिच्या कपाळावरची आठी मी इतक्या दिवसांत कधी सुटलेली पाहिली नव्हती, ती तेव्हा सुटली. पुतण्या तिला धरून वर घेऊन गेला. ती एकदाही म्हणाली नाही की झाकण लावलं का पाहून ये.

गाडी सुरू झाली. वळणावर रस्ता विहिरीच्या वरच्या अंगानं जातो. खिडकीत आत्याचा चेहरा दिसला, तो विहिरीकडं वळलेला. मी हात हलवला. ती नुसतीच पाहत राहिली. मग माझ्या ध्यानात आलं, आणि मी घसा ताणून ओरडलो, "आत्या, इथं हाओ मी!"

खिडकीतून तिचा हात बाहेर आला आणि हलला. माझ्याकडं नाही, जरा बाजूला, टँकर उभा होता तिकडं. मी तो हात दिसेनासा होईपर्यंत हललो नाही. मागं अकरा घरांच्या बाया मला बोल लावत आपापल्या घागरी उचलून टँकरच्या रांगेत उभ्या राहत होत्या.